सोमवारची खुशाली

नोटिफिकेशन बंद करून दे म्हणणारी माणसं मला रोज भेटतात. माझी नोकरीच ती आहे. चालू करून दे म्हणणारे आजवर एकटे हिम्मतराव.

ते माझे घरमालक. बरकतपुऱ्यातल्या त्यांच्या घरात खाली ते, वर मी. बेगम बाजारातल्या मसाल्याच्या ठोक दुकानात त्यांचा जन्म गेला. दुकान सोडून कितीतरी वर्षं झाली, तरी त्यांच्या सदऱ्याला धण्याचा वास येतो. घराणं मूळचं नांदेडकडचं, निजामाच्या वेळी शेती सोडून इथं आलेलं. मी पुण्याची; त्यांची मराठी ऐकून पहिले दोन महिने नुसती मान डोलवत होते. पुण्याचा चहा म्हणजे गरम पाणी आणि पुण्याची माणसं म्हणजे चालती घड्याळं, असं त्यांचं ठाम मत आहे आणि ते त्यांनी माझ्यापासून कधी लपवलं नाही.

दोन वर्षांपूर्वी एकदा संध्याकाळी ते गच्चीवरची टाकी बघून उतरताना माझ्या दारात थांबले. मी लॅपटॉपवर डाफरत होते.

"काय करायलीस, बेटा?"

मी सांगितलं. आमच्या कंपनीत कोडची हजारो कोठारं आहेत. कुठंही कुणी काही बदललं की त्या कोठाराशी नाव जोडलेल्या सगळ्यांना सूचना जाते. माणसं सूचनांनी जेरीस येतात. म्हणून मी एक छोटं टूल लिहिलंय. जगभरची माणसं कोड ठेवतात त्या साइटशी ते एपीआयमधून, म्हणजे मागच्या दारानं, थेट बोलतं. कुणाचं नाव कुठं कुठं जोडलंय ते दाखवतं आणि एका ओळीत तोडतं.

"तिथं तीन प्रकार असतात, काका. एक म्हणजे ऐकतोय. दुसरा म्हणजे कान बंद केलेत. तिसरा म्हणजे संबंधच नाही."

"तिसरं बुरं," ते म्हणाले. मग चौकटीला हात लावून उभे राहिले. "आमचा गौतम पण हेच काम करतो. जर्मनीत. त्याचं काही चालू करता येईल का? तो कसा आहे, एवढंच कळलं तरी बास."

गौतम त्यांचा एकुलता एक मुलगा. त्याच्याशी बोलणं का तुटलं, ते त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. कुसुमताई, म्हणजे त्यांची पत्नी, अचानक गेल्या. गौतमचं विमान दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचणार होतं. उन्हाळ्याचे दिवस होते, नात्यातली मोठी माणसं म्हणाली, थांबू नका. हिम्मतराव थांबले नाहीत. पुतण्या रितेशनं अग्नी दिला. गौतम आला, उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, "एक दिवस थांबला नाहीत, बाबा." दिवसकार्य झालं तसा तो परत गेला. तिकडचाच पासपोर्ट घेतला, फोनचा नंबर बदलला.

मला दोघांचाही राग आला. एवढी शिकलीसवरलेली, जग पाहिलेली माणसं आणि एक पत्र लिहायला हात उचलत नाही. पण राग गिळून मी गौतमचं नाव शोधलं. साइटवर तो लगेच सापडला, फोटोसकट. कामाव्यतिरिक्त त्यानं एक स्वतःचं काम सगळ्यांना बघायला उघडं ठेवलं होतं. तो राहायचा त्या गावच्या नदीला किती पाणी आहे, ते सांगणारं.

"आपल्या मुसी नदीचं पाणी?"

"नाही काका, तिथल्या नदीचं."

"पाण्याचं मला काय करायचं. पोट्ट्याचं नाव येईल ना?"

मी त्यांचं खातं उघडलं, नाव दिलं हिम्मतराव-बरकतपुरा, आणि टूलला एक ओळ दिली. उत्तर आलं, जोडलंय. इतकी वर्षं तोडायचंच काम केलं होतं, त्यामुळे मलाही जरा बरं वाटलं.

त्यानंतर दर सोमवारी त्यांच्या फोनवर इंग्रजीतली चार ओळींची मेल यायची. पाण्याचे नवे आकडे आणि वर गौतमचं नाव. सुरुवातीला मधूनअधून इतर वारीही यायची. हिम्मतराव फक्त नाव वाचायचे. मग जिन्याच्या अर्ध्या पायऱ्या चढून मला हाक मारायचे, "गौतम मजेत आहे." मी म्हणायचे, "छान." पुढं पुढं सोमवारी ती हाक आली की मी चहा टाकायची. आता फोन तरी करा, पत्ता शोधून देते, असंही मी पुष्कळदा सांगितलं. "नक्को. त्याला वाटेल तेव्हा तो करील," एवढंच उत्तर.

मार्चमध्ये एका गुरुवारी ते धापा टाकत पुऱ्या पायऱ्या चढून आले. चेहरा फुललेला.

"आज सोमवार नाही, तरी आलं. आणि बघ, आत गौतमचं नाव आहे, किती मोठं लिहिलंय. वाच."

मी वाचलं. गौतमनं लिहिलं नव्हतं. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या एका बाईनं लिहिलं होतं. गौतम गेल्या ऑगस्टमध्ये हृदयाच्या झटक्यानं गेला. घरचा म्हणून त्यानं एकच नंबर देऊन ठेवला होता, आईचा. तो बंद आहे. या कामाशी नाव जोडलेल्यांपैकी कुणी त्याच्या घरच्यांना ओळखत असेल, तर कृपया कळवावं.

मला खोटं बोलता आलं असतं. ते समोर उभे होते, हसरे, आणि माझ्या तोंडाकडे बघत होते. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना अर्धं कळलंच. मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि सगळं मराठीत सांगितलं.

ते रडले नाहीत. त्यांनी एकच विचारलं, "तारीख कोणती?"

मी सांगितली.

"आणि सोमवारची मेल?"

ती गौतमनं आधीच लावून ठेवली होती, हे मला सांगावं लागलं. मशीन ठरल्या वेळी आकडे गोळा करतं आणि त्याच्या नावानं पाठवतं. माणूस असो वा नसो. सांगताना मला त्या मशीनची, माझ्या टूलची, सगळ्याची शिसारी आली.

हिम्मतराव बोटांच्या पेरांवर महिने मोजत होते. "दहा दिवसांत कळलं असतं तर दहाव्यापर्यंत सुतक धरता आलं असतं. त्यानंतर कळलं तरी तीन दिवस पाळतात आमच्यात. एवढे महिने गेल्यावर काही नाही. नुसती आंघोळ." मग म्हणाले, "दिवाळीला मी नवा सदरा घातला. दिलसुखनगरला लग्नात जेवलो. बुंदी दोनदा घेतली."

मी त्यांचा हात धरला.

"बेटा, मी ऐकतोय ते त्याला दिसत होतं का?"

"हो. नावं उघडी असतात. यादीत तिघंच होते. तो, ही बाई आणि तुम्ही."

"मग मालूम होतं त्याला."

"असणारच, काका."

"मी नको असतो तर?"

"त्याला काढता आलं असतं. एक बटण दाबायचं, की तुमचं नाव गेलं."

"काढलं नाही त्यानं," ते म्हणाले, आणि तेव्हा त्यांना रडू आलं. लहान मुलासारखं, तोंड न झाकता.

बऱ्याच वेळानं मी हळूच विचारलं, की हे बंद करू का. नाहीतर सोमवारी पुन्हा येईल.

"त्यानं नाही काढलं मला. मी कसा काढू?"

ते कठड्याला धरून खाली गेले. बादली भरल्याचा आवाज आला आणि मग डोक्यावर तांब्यानं पाणी ओतल्याचा. त्यांची आंघोळ होईपर्यंत मी जिन्यातच बसून होते. नंतर त्या बाईला लिहिलं, की मी घरच्यांना ओळखते.

सोमवारी खाली फोन वाजला. हाक आली नाही. मी चहा घेऊन उतरले, तर ते ओसरीवर फोन हातात धरून बसले होते. मी शेजारी बसल्यावर त्यांनी तो माझ्यापुढं केला.

"नदीला पाणी किती आहे?" त्यांनी विचारलं.

मी आकडे वाचून दाखवले.