सत्तावीस रिकाम्या गाड्यांची सभा

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. कारण हा प्रताप दुसऱ्या कुणाचा नाही, माझाच आहे, आणि तोही पूर्ण विचार करून केलेला!

आमचं घर हिंगणघाटचं. बाबांची एक गाडी आहे, म्हणजे ट्रक. मालक तेच, ड्रायव्हरही तेच. जिनिंगच्या कारखान्यातून कापसाच्या गठाणी भरायच्या, कोइमतूरच्या सूतगिरणीत उतरवायच्या, येताना मिळेल तो माल आणायचा. भाडं मात्र रोज वेगळं. सोमवारी टनाला बत्तीसशे, बुधवारी अठ्ठावीसशे, शुक्रवारी पुन्हा एकतीसशे. डिझेल तेच, रस्ता तोच, टोल तेच. मग भाडंच का बदलतं?

एम.कॉम.ला असताना मी यावर प्रकल्प लिहिला होता. निष्कर्ष एका ओळीचा: गाडीवाले एकत्र नाहीत, म्हणून दलाल भाव पाडतात. आता इतकं स्पष्ट दिसत असताना गप्प कोण बसेल?

मी नाही बसले. आमच्या जवळच्या जाम गावच्या चौकातल्या एका धाब्यामागे मोकळं मैदान आहे, तिथं सभा ठेवली. मागणी एकच, टनाला पस्तीसशेच्या खाली कुणीही माल भरायचा नाही. प्रत्येकाला फोन करून बजावलं, "काका, मोटारसायकलवर यायचं नाही. गाडी घेऊन या, रिकामी. एकजूट दिसली पाहिजे!"

सभेच्याच दिवशी सकाळी बाबांना भाडं आलं. टनाला बत्तीसशे. गाडीचे मागचे दोन टायर पार गुळगुळीत झाले होते, आणि या फेरीत ते बदलायचे असं बाबांनी ठरवलं होतं.

"नाही म्हणा," मी सांगितलं.

"काऊन वं? बत्तीसशे चांगला भाव होय."

"संध्याकाळपर्यंत पस्तीसशे होईल."

"अवं, पण जामले एवढ्या गाड्या एका जागी उभ्या केल्या तं..."

"बाबा, तुम्ही लोक घाबरता ना, तिथंच सगळं अडतं!"

त्यांचं वाक्य मी पुरं होऊ दिलं नाही. त्यांनी बिचाऱ्यांनी भाडं सोडलं.

आणि काय सांगू, सत्तावीस गाड्या आल्या! मी स्वतः उभं राहून त्या एका रांगेत लावून घेतल्या. धाब्याच्या गच्चीवर चढून फोटो काढला आणि जिल्ह्यातल्या गाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'जाम चौकात आज सत्तावीस रिकाम्या गाड्या. ही आमची ताकद!'

मग माइक हातात घेतला. दहा मिनिटं झाली असतील, पहिल्या रांगेतल्या शेषरावकाकांचा फोन वाजला. हे गिरडचे, बाबांचे जुने सोबती. फोन ऐकून त्यांचा चेहरा उतरला.

"बेटा, भाव तीन हजार झाला म्हणते."

"ही दलालांची चाल आहे! घाबरू नका!"

टाळ्या पडल्या. पाच मिनिटांनी दुसऱ्याचा फोन. अठ्ठावीसशे. मी आवाज चढवला. या वेळी टाळ्या जरा विरळच पडल्या.

"पण काऊन पडून राह्यला भाव?" मागून कुणीतरी विचारलं.

"कारण आपली एकजूट त्यांना खुपते आहे!"

शेषरावकाका उठले आणि त्यांनी आपला मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यावर माझाच फोटो होता! ग्रुपवरून तो मनोजभाऊ नावाच्या दलालाकडे गेला होता आणि त्याच्याकडून सगळ्या जिनिंगवाल्यांकडे. खाली मनोजभाऊची ओळ, 'आज गाड्याच गाड्या. घाई करू नका, भाव उतरू द्या.'

"सकाळी मी तुले हेच सांगून राह्यलो होतो," बाबा शांतपणे म्हणाले.

तर ऐका. दलालांचा माणूस रोज सकाळी जामला चक्कर मारतो आणि रिकाम्या उभ्या गाड्या मोजतो. गाड्या जास्त, तर भाडं कमी. गाड्या कमी, तर भाडं जास्त. म्हणून जाणते गाडीवाले भाडं ठरेपर्यंत गाडी घरामागे, पंपावर, कुठंतरी आडोशाला लावतात. आणि मी? मी त्या सगळ्या गाड्या आडोशातून काढून, रांगेत लावून, मोजून, फोटोसकट आकडा कळवला होता!

"मग हलवा गाड्या! लपवा!" मी माइकवरच ओरडले.

गाड्या हलल्या. पण लपायला नाही, भरायला.

"सत्तावीसशे तं सत्तावीसशे," शेषरावकाका गाडीत चढत म्हणाले. "अजून थांबलो तं पंचवीसशेवर येईन."

"काका, आपली एकजूट?"

"हाये ना बेटा! पाह्य, सगळे संगंच चाललो."

अर्ध्या तासात मैदान मोकळं झालं. उरली फक्त बाबांची गाडी. तोवर भाव सव्वीसशेवर आला होता.

"तुम्ही आधी का नाही गेलात?" मी विचारलं.

"तू माइकवर उभी होती. तुहा बापच पयले उठून गेला असता, तं कसं दिसलं असतं?"

सव्वीसशेला होकार देऊन ते निघाले. गाडी सुरू करताना म्हणाले, "टायर एकच घेऊ. दुसऱ्याचं पाहू मंग. अन् आवाज चांगला हाये वं तुहा."

भाड्याचा स्पीकर परत द्यायचा होता म्हणून मी मागे थांबले. वायर गुंडाळत होते, तेवढ्यात एक कार येऊन थांबली. मनोजभाऊ! भांडायला आलाय असं वाटून मी तयारीतच उभी राहिले. त्यानं उतरल्या उतरल्या हात जोडले.

"ताई, तुमचे उपकार कसे फेडू? आठ दिवसांपासून गाड्या भेटून नाई राह्यल्या होत्या. आज चार जिनिंगचा माल एका दिवसात निंगाला."

त्यानं खिशातून डायरी काढली आणि पेन उघडलं.

"येत्या सोमवारी अजून पाचशे गठाणी काढाच्या हायेत. तुमची पुढची सभा सोमवारीच ठेवता काय? मंडप अन् नाश्ता माह्याकडून."