आई गप्प बसली ती संध्याकाळ

आई वारली तेव्हा इंदापुरात तिच्या दहाव्याला भाषणं झाली. आमच्याकडे दहाव्याला प्रवचन आणि त्यानंतर श्रद्धांजलीची भाषणं असतातच. मेलेल्या माणसाला उठून उत्तर देता येत नाही, त्यामुळे बोलणाऱ्याला जोर चढतो. एका पुढाऱ्यानं तिला जिवंतपणी पाहिलं असेल ते मत मागायला आल्यावर, आणि तेव्हाही तिनं त्याला चपला बाहेर काढायला लावल्या होत्या. तो माइक धरून म्हणाला, "ही माऊली आयुष्यात कुणाला उणा शब्द बोलली नाही." मांडवातल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. त्याला वाटलं, रडतायत.

मी चौथी शिकलेली बाई. मला माइकवर बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

माझी आई उण्या शब्दाशिवाय दुसरा शब्द फारसा बोललीच नाही. निरवांगीहून लग्न होऊन इंदापूरला आली, आम्ही दोघं भावंडं लहान असताना वडील गेले आणि तिनं दारात म्हैस बांधली. सकाळ-संध्याकाळ चार घरी रतीब घालायची. दूध पातळ आहे असं कुणी म्हणालंच, तर त्या घरची सून, सासू आणि चहाची पातेली यांचा उद्धार करून यायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच घरी दूध घालायची. लोक दूध घेत राहिले. दूध चांगलं होतं, आणि रतीब बंद करतो हे तिला तोंडावर सांगायची कुणाची छाती नव्हती.

आजी झाल्यावर ती मऊ होईल असं मला वाटलं होतं. माझी लेक सुट्टीला तिच्याकडं गेली की आधी तिच्या हातात शेणाची पाटी यायची, मग जेवायचं ताट. भावाच्या पोराला दूध आवडायचं नाही. त्याला ती म्हणायची, "पितूस का आडवा घालून पाजू?" तो प्यायचा. आता तो पुण्यात जिमला जातो आणि डब्यातली भुकटी पाण्यात कालवून पितो. सगळ्यांना सांगतो की माझी तब्येत आजीच्या दुधावर झाली. आडवा घालायचं सांगत नाही.

म्हशी बदलत गेल्या. एक म्हातारी झाली की दुसरी यायची. आईला म्हशीचा खरा उपयोग दुधापेक्षा वेगळाच होता. लग्न असो, बारसं असो, कुणाची तीर्थयात्रा असो, "म्हस कोण बगंल?" एवढं म्हटलं की तिची सुटका व्हायची. माझ्या भावानं बारामतीत फ्लॅट घेतला आणि तिला कायमचं तिकडं न्यायचं ठरवलं, तेव्हाही तिनं हेच विचारलं.

एकदा ती तिकडं राहून आली होती. भावजयीनं तिला जपलं, खोटं का बोला. "आई, तुम्ही काही करू नका, नुसतं बसा," असं दिवसभर म्हणायची. आई गॅलरीत बसून खाली लोकांच्या गाड्या मागं-पुढं होताना बघायची. परत आली तेव्हा मला म्हणाली, "तिथं मी मेले तरी दोन दिस कुणाला कळायचं न्हाय. बसलीया म्हणत्याल." भावाला यातलं काही दिसत नव्हतं. त्याला एवढंच दिसत होतं की कारखान्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या माणसाची आई या वयात शेण काढते आणि लोक बघतात. म्हैस गेली तर आईला इंदापुरात राहायचं निमित्त उरणार नव्हतं. हे त्यालाही माहीत होतं आणि तिलाही.

मग ती मोरीत पाय घसरून पडली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घातलं. डॉक्टर म्हणाले, पूर्ण आराम. भावाच्या चेहऱ्यावर काळजी होती, पण काळजीच्या मागं दुसरं काय होतं तेही मला दिसलं.

मी बारामतीतल्या माझ्या घरून तिच्याजवळ राहायला गेले. धार मी काढायची आणि आईनं बाजेवर बसून बोलायचं. हे बोलणं नीट सांगायला हवं. त्या म्हशीचं रेडकू जन्मल्यावर लगेच मेलं होतं. रेडकाशिवाय ती पान्हा सोडायची नाही. हात मोडायच्या आधी आई तिच्या कासेला हात लावायची आणि शिव्या द्यायला लागायची. म्हशीला, शेजारणीला, सुनेला, पाणी न सोडणाऱ्या नगरपालिकेला. एका सुरात, न थांबता. थोड्या वेळानं म्हैस कान पाडायची आणि दूध उतरायचं. हात कुणाचाही चालायचा, आवाज आईचाच लागायचा. मी पहिल्या दिवशी माझ्या आवाजात बोलून पाहिलं, तर म्हशीनं बादलीला लाथ घातली.

भावाला हे ठाऊक नव्हतं. त्यानं म्हशीकडं नोकरी लागल्यापासून वळून बघितलं नव्हतं.

आठवड्याभरात तो भावजयीला आणि पणदऱ्याच्या एका गिऱ्हाइकाला घेऊन आला. चांगला माणूस, गोठा मोठा, बरोबर टेम्पो. त्यानं म्हशीचे दात पाहिले, कास पाहिली आणि ओट्यावर बसला. "आता धार बघू, मग बोलू." आमच्याकडं धार बघितल्याशिवाय कुणी म्हैस नेत नाही.

भाऊ मला म्हणाला, "आक्का, बस धारंला."

आईनं माझ्याकडं बघितलं नाही. प्लास्टरवरची माशी हाकलली.

मी म्हणाले, "माझी बोटं आज वळत न्हाईत."

यात आईवरची माया किती आणि माझा स्वार्थ किती, ते सांगते. भावाचा फ्लॅट माझ्या घरापासून दोन गल्ल्या आहे. आई तिथं आली असती तर रोज सकाळी माझ्याकडं येऊन सुनेची गाऱ्हाणी सांगत बसली असती. तिनं इंदापुरातच राहावं हे मलाही सोयीचं होतं.

भाऊच बसला. म्हैस आखडून उभी. थेंब नाही. ओट्यावरून गिऱ्हाईक म्हणालं, "परका हात कळतोय तिला. आजीचं लुगडं गुंडाळा तात्या, वासानं सोडंल." हे खरंच करतात लोक, आणि बऱ्याच म्हशी फसतात. भावानं वळणीवरचं आईचं नऊवारी काढलं, पांढऱ्या शर्टावर गुंडाळलं, पदर डोक्यावरून घेतला. खाली मिशी तशीच. भावजयीनं मोबाइल काढला, तर तो तिच्यावर खेकसला. तोवर फोटो निघाला होता.

"ये गं माझी बाय," तो म्हशीला म्हणाला. "सोड गं राणी."

त्या म्हशीला जन्मात कुणी राणी म्हटलं नव्हतं. तिनं मान वळवून त्याला नीट बघितलं आणि शेपटीचा फटका मारला.

"म्हस लाजती का तुमी लाजताय, तात्या?" गिऱ्हाईकानं विचारलं.

भाऊ घामाघूम झाला. "आये, तू जरा हाक मार की तिला."

आई बाजेवर भिंतीला टेकून बसली होती. जन्मात जिचं तोंड मिटलं नाही ती बाई ओठ आवळून बसली होती. मला भीती वाटली, आता फुटेल. तिच्या गळ्याची शीर हलत होती. गिऱ्हाईकाला चहा दिला त्यात साखर कमी होती, भावजयीनं कपाला बशी दिली नव्हती, भाऊ तिच्या धुतलेल्या लुगड्यात शेणात बसला होता. यातल्या एकेका गोष्टीवर ती तासभर बोलली असती. ती म्हणाली फक्त, "डाक्टरनं आराम सांगितलाय," आणि डोळे मिटले.

गिऱ्हाईकानं बराच वेळ वाट बघितली. मग उठून टोपी झटकली. "दूध चोरती म्हस. दावणीला शोभंल, पर मला काय उपेगाची न्हाय. राग मानू नका." टेम्पो रिकामा गेला. पणदऱ्याला गेलेली बातमी तिथंच थांबत नाही. अशी म्हैस मग कुणी फुकटही नेत नाही.

टेम्पो वळणापलीकडं गेला आणि आईनं डोळे उघडले.

"उठ रं मुडद्या शेणातनं. लुगडं हाय का पोतं? बापाच्या जन्मात कुणी धुतलं व्हतं व्हय? आन् ती तुजी बायको, पावण्याला बशी द्यायला हात मोडलाय का तिचा, मोडलाय तर माजा! राणी म्हनं. बायकोला कदी म्हनलास राणी?"

म्हशीनं कान पाडले. भावाचा हात अजून कासेवर होता. दूध सुटलं आणि बादलीत आवाज यायला लागला. तो उठायला गेला, तर आई म्हणाली, "बस खाली, धार मोडू नगंस." शिव्या खात त्यानं बादली भरली. मग तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. त्याला सगळं कळलं. कारखान्यात इतकी वर्षं काढलेला माणूस, अगदीच काही मंद नव्हता.

"ही असं करणार हे तुला म्हाईत व्हतं, आक्का?"

"माझी बोटं दुखत्यात," मी म्हणाले.

आता एकदा बोटं वळत नाहीत म्हटल्यावर ती लगेच वळवता येईनात. प्लास्टर निघेपर्यंत भावालाच राहावं लागलं. लुगडं नसतं तरी चाललं असतं. आवाज होता तेवढा पुरे होता. पण आईनं त्याला ते सांगितलं नाही आणि मीही नाही. दोन्ही वेळेला तो लुगडं गुंडाळून बसायचा आणि ती बाजेवरून त्याचं लहानपणापासूनचं सगळं काढायची. भावजय नात्यात सांगत होती, हे आईची सेवा करायला राहिलेत. फोटो आधीच पोचला होता, त्यामुळं कुणी शंका घेतली नाही.

फ्लॅटचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. आई शेवटपर्यंत इंदापुरातच राहिली. ती सुखात होती असं म्हणायला मला आवडलं असतं, पण ती रोज कुरकुरत होती.

प्लास्टर काढलं त्या दिवशी तिनं मूठ उघडझाप करून पाहिली आणि बादली मागितली. भावानं लुगडं सोडलं, नीट घडी घातली आणि तिच्यापुढं धरलं. काही बोलायचं असावं त्याला.

आई म्हणाली, "धुऊन दे."