पंचाक्षरीमामांची लाल वही

साखर पेठेतल्या आमच्या दवाखान्यात आता रक्ताचे रिपोर्ट मोबाईलवर येतात, तेही पेशंट घरी पोचायच्या आत. सोय झाली, माझी तक्रार नाही. तरी रविवारी कुणाचं रक्त तातडीनं तपासायची वेळ आली की मला अजूनही पंचाक्षरीमामा आठवतात.

मामा मंद्रूपचे. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यांना कंपाउंडर म्हणून ठेवलं तेव्हा मी फ्रॉकमध्ये होते. पुढे आप्पा गेले, मी डॉक्टर होऊन त्यांच्या खुर्चीत बसले, मामा मात्र त्याच स्टुलावर राहिले. एरवी ते मला रुद्राणीताई म्हणायचे. माझं काही चुकलं की नुसतंच ताई.

रविवारी लॅबना कुलपं. पण कुठला लॅबवाला कुठे सापडेल याची मामांना खडान्‌खडा माहिती. बिरप्पा सकाळी सिद्धेश्वराच्या देवळात, मग मावशीकडे जेवायला. मामा रक्ताची नळी कापसात गुंडाळून चष्म्याच्या डबीत ठेवायचे, डबी सदऱ्याच्या खिशात, आणि सायकल मारत जाऊन बिरप्पाला भरल्या ताटावरून उठवायचे. चष्मा कायम नाकावर. काढून ठेवायला डबीच उरली नव्हती ना!

पण सुई टोचायच्या आधी त्यांची लाल वही उघडायची. पत्त्यावर त्यांचं भागायचं नाही, घराच्या खुणा हव्यात. ‘फुलाबाई. विडी घरकुल, निळी टाकी, तिथून तिसरं दार. कुत्रं भुंकतं, चावत नाही. निरोप कुणाला: थोरल्या सुनेला. धाकटी घाबरते.’ बाहेर पेशंट ताटकळलेले आणि मामांचं हे पुराण चाललेलं. मी वैतागायचे. हल्ली प्रत्येकाकडे फोन आहे, म्हणायचे.

“रिपोर्ट आपल्या हातात आला म्हंजी पेशंटला पोचला न्हाय की, ताई,” ते म्हणायचे.

सत्तरी उलटल्यावर मी त्यांना जबरदस्तीनं घरी बसवलं. तीन वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी ते स्वतःच पेशंट होऊन आले. पायातली ताकद गेल्यासारखी वाटते, म्हणाले. मी बिरप्पाला बोलावून घेतलं, रक्त काढलं. मामांनी वही मागितली. तुमचा नंबर आहे माझ्याकडे, असं मी म्हटलं, तरी त्यांनी स्वतःच्या हातानं नोंद केली आणि वही मिटली. थांबा म्हटलं तर थांबले नाहीत. घरी जाऊन भाकरी खातो, म्हणाले.

दुपारी एकला बिरप्पाचा फोन आला. पोटॅशियम सात. दोनदा तपासलं होतं त्यानं. इतकं वाढलं की हृदय कधी थांबेल सांगता येत नाही. मी मामांना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. तेव्हा माझ्या लक्षात आलं, या माणसाला अख्ख्या पेठेची दारं पाठ आणि मला त्यांची गल्ली माहीत नाही. चाळीस वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

वही उघडली. शेवटची नोंद त्यांचीच. ‘पंचाक्षरी. नीलम नगर, पिठाच्या गिरणीमागची बोळ, दारात कढीपत्ता. कडी वाजवू नये, दार लोटलेलंच असतं. निरोप कुणाला: रुद्राणीताई.’

मामी जाऊन दहा वर्षं झाली, मूलबाळ नाही, हे मला ठाऊक होतं. निरोप द्यायलासुद्धा त्यांचं दुसरं कुणी नव्हतं, हे मात्र त्या दिवशी कळलं.

गाडी काढली. गिरणी दिसली, बोळ दिसली, कढीपत्ता दिसला. दार लोटलं. मामा खाटेवर पडून होते, उशाशी भाकरी तशीच. त्यांनी डोळे उघडले.

“घर सापडाया तरास झाला न्हाय न्हवं?”

“नाही,” मी म्हणाले, आणि रडतच त्यांना गाडीत घातलं.

मामा वाचले. पुढे दोन वर्षं दर रविवारी येऊन त्या स्टुलावर बसायचे आणि मी काय चुकते ते बघायचे. गेल्या श्रावणात गेले.

आता वही मी भरते. नवे पेशंट हसतात, फोन आहे की म्हणतात. मी तरी विचारते, निरोप कुणाला? बहुतेक जण पटकन नाव सांगतात. काही जण गप्प होतात. त्यांच्या नोंदीत मी माझं नाव लिहिते.