मध्यम गटातली बाग

विष्णुपंतांनी स्वतःच्या लग्नात अंतरपाट मोजला होता, असं गोडोलीच्या कॉलनीत सांगतात. गोदावरीकाकूंना विचारलं तर त्या म्हणतात, "छे, मोजला नाही. डावं टोक दोन बोटं खाली आहे, एवढंच भटजींना सांगितलं." म्हणजे बाईंनी चाळीस वर्षं कशी काढली असतील, ते तुम्हीच ताडा.

पंतांची सगळी नोकरी भूमापन खात्यात गेली. म्हसवडच्या माळापासून शिरवळच्या हायवेपर्यंत जिल्ह्यातला असा बांध नसेल, जिथे त्यांची छत्री उघडली नाही. एका बाजूला एक भाऊ, दुसऱ्या बाजूला दुसरा, दोघांच्या हातात काय काय, आणि मधे हा सव्वापाच फुटी माणूस शांतपणे आकडे लिहीत उभा. चहा कुणाकडचाच घ्यायचे नाहीत. त्यांची एकही मोजणी अपिलात फिरली नाही. हे ते स्वतः सांगत नसत. विषय मात्र तिकडे वळवत.

निवृत्तीनंतर हाताला काम राहिलं नाही आणि कॉलनीच्या मागे साडेसाती लागली. पंतांनी बाथरूमच्या फरश्या मोजल्या, दिवाण मोजला, मग बाहेर पडले. शेजारच्या राजवर्धनच्या गाडीचं मागचं चाक चार इंच रस्त्यावर येतं, हे त्याला रोज सकाळी फाटकाशी उभं राहून सांगायचे. शेवटी त्याने गाडी विकली. कारण वेगळं होतं म्हणतो, पण कोण विश्वास ठेवणार.

तशात परसबाग मंडळाला पंतांची आठवण झाली. मंडळ दर जानेवारीत घरच्या बागांची स्पर्धा भरवतं. पाचशे चौरस फुटांपर्यंत लहान गट, दीड हजारांपर्यंत मध्यम, त्यावर मोठा. आजवर अध्यक्ष समीक्षाताई फाटकातूनच बघून "तुम्ही मध्यम हो" म्हणून टाकायच्या. त्यावरून रुसवेफुगवे फार झाले, तेव्हा कुणीतरी म्हणालं, पंतांना मोजू दे. आठवड्याभरात मंडळाला पश्चात्ताप झाला. झोपाळ्याखाली हिरवळ असेल तर धरायची, फरशी असेल तर वगळायची. तुळशीवृंदावनाचा चौथरा वगळायचा, तुळस धरायची. फक्त लागवडीखालची जागा. एका बाईंनी आधल्या रात्रीत फरशीवर माती पसरून कोथिंबीर लावली. पंतांनी बोटाने माती उकरली आणि वजाबाकी केली.

मग पंत मनुबाईंकडे गेले.

मनुबाई म्हणजे कोरेगावकडच्या. मालक फौजेत हवालदार होते. त्यांनी आणि धाकट्या भावाने, नाथाजीने, इथे शेजारीशेजारी दोन प्लॉट घेतले. हवालदारांनी घर बांधलं आणि चार वर्षांत गेले. नाथाजी गावीच राहिला. त्याचा प्लॉट मोकळा पडलेला. तो एकदा सहज म्हणाला होता, "वयनी, लावा की काय लावायचं त्ये. रिकामीच हाय जागा." तेवढ्या शब्दावर मनुबाईंनी वीस वर्षांत तिथे शेवगा, डाळिंब, पपई, सोनचाफा आणि वालाचा मांडव उभा केला. हद्दीचे दगड कधीच मातीखाली गेले. नाथाजी वारल्यावर तर नेमकं कुणाचं काय, हे त्या सोनचाफ्यालाही सांगता आलं नसतं.

स्पर्धेत बाई नऊ वर्षं मध्यम गटात दुसऱ्या यायच्या. पहिला नंबर कायम एका डॉक्टरीणबाईंचा.

"पंत, औंदा मला मोठ्यात घाला," मनुबाई म्हणाल्या. "मोठ्यात समदे बंगलेवाले. त्यांची झाडं माळी बघतोय. मी पैली येती का न्हाई बगा."

"मी घालत नसतो. टेप घालते."

"मग टेपाला सांगा की."

पंत हसले. त्यांनी टेप ताणली. घराभोवतीची सहाशे चाळीस, दक्षिणेकडची लांब पट्टी आठशे ऐंशी. बेरीज पंधराशे वीस. मोठा गट. बाईंनी पदराला हात पुसले आणि घरातून गूळपोळी आणली. पंतांनी ती खाल्ली. हद्दीवर उभं राहून काहीतरी खाण्याची त्यांची ही पहिलीच वेळ.

इथेच ते घरी गेले असते तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती. पण अर्जावर 'जागेची मालकी' असा एक रकाना होता. इतर लोक तिथे 'स्वतःची' असं खरडून मोकळे होत. पंतांनी बाईंकडून जुने कागद मागून घेतले, दोन दिवस टेबलावर वाकून बसले आणि बागेचा नकाशा काढला. काय नकाशा होता. एकेक झाड हिरव्या शाईत. घराची रेघ काळी. आणि बरोबर बागेच्या मधून, शेवगा, चाफा नि मांडव पलीकडे टाकणारी, लाल ठिपक्यांची एक रेघ.

मनुबाई मोठ्या गटात खरोखर पहिल्या आल्या. बक्षिसाला त्यांनी पुतण्याला, नाथाजीच्या शंभूराजला, शिरवळहून मुद्दाम बोलावून घेतलं. तो तिथल्या एका कारखान्यात आहे. काकीचं कौतुक म्हणून बायकोमुलांना घेऊन आला. सभागृहाच्या भिंतीवर सगळे नकाशे टांगले होते. तो काकीच्या नकाशापुढे थांबला.

"काका, हे लाल ठिपकं कशाचं?"

आता चित्रकाराला चित्राबद्दल विचारल्यावर तो गप्प बसतो होय. पंत पुढे झाले. "ही दोन प्लॉटांची खरी हद्द. इकडचं हवालदारांचं, तिकडचं तुझ्या वडिलांचं. पायखान्याच्या कोपऱ्यापासून अकरा फुटांवर खोद, अडीच फुटांत दगड लागेल."

"आन् आमी समजत हुतो आपली जागा शेवग्याच्या पल्याड सुरू होती," शंभूराज म्हणाला. त्याने मोबाइलवर फोटो काढला. तोवर मनुबाई चषक घेऊन आल्या आणि तिघांचा आणखी एक फोटो निघाला. त्यात पंत सगळ्यांत जास्त हसताहेत.

दोन महिन्यांनी शंभूराजने अकरा फुटांवर खोदलं. दगड लागला.

ते कळल्यावर गोदावरीकाकूंनी पंतांपुढे ताट ठेवलं आणि विचारलं, "एक रेघ कमी काढली असती तर हात झडला असता?" पंत जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी एसटीने शिरवळला गेले आणि शिफ्ट सुटेपर्यंत कारखान्याच्या फाटकाबाहेर छत्री धरून उभे राहिले. शंभूराज बाहेर आला तसा त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "माझी मोजणी चुकली असेल. वय झालंय. कागद जुने होते."

जन्मात पहिल्यांदा हा माणूस खोटं बोलत होता, आणि ते त्याला जमत नव्हतं.

"मी सरकारी मोजणी पण करून घेतली काका," शंभूराज म्हणाला. "तो साहेब म्हणला, पंतांचा नकाशा असताना मला कशाला बोलवलं. दोन इंचाचा फरक न्हाई." मग डबा या हातातून त्या हातात घेत म्हणाला, "माझी दोन पोरं भाड्याच्या खोलीत वाढत्यात. मी काकीचं काय काढून घेतोय का? सांगा तुमीच."

पंतांनी छत्री मिटली. त्याच्या बाजूने सगळं बरोबर होतं, आणि ते कागदावर त्यांनीच उतरवलेलं होतं.

जेसीबी आला त्या सकाळी कॉलनी गच्च्यांवर उभी होती. आमच्याकडे याला काळजी म्हणतात. मनुबाई भांडतील असं सगळ्यांना वाटलं होतं. त्या भांडल्या नाहीत. वालाच्या शेंगा तोडून घेतल्या, चाफ्याची फुलं झाडावरच ठेवली. जेसीबीवाल्या धनाजीला चहा दिला, शंभूराजला जेवू घातलं. "त्याची जागा हाय," एवढंच त्या प्रत्येकाला सांगत होत्या. दुपारी तीनपर्यंत पट्टी सपाट झाली होती.

पंत फाटकाशी गेले तेव्हा मात्र मनुबाईंनी कडी आतून लावून घेतली.

तेव्हापासून बाई त्यांच्याशी बोलल्या नाहीत. रस्त्यात दिसले तर बघत नसत. गोदावरीकाकूंनी एकदा डबा दिला, तो धुऊन परत आला. आत काहीच नव्हतं. पण जानेवारीत मंडळाकडे मनुबाईंचा अर्ज आला, आणि पंतांना मोजायला जावं लागलं. फाटक उघडं होतं. बाई पायरीवर बसल्या होत्या. "मोजा," त्या म्हणाल्या. सहाशे चाळीस. मध्यम. "लिवा." त्यांनी लिहिलं.

वर्षातल्या या एकाच दिवशी पंतांना त्या फाटकातून आत जाता येत होतं. ते दिवाळीपासून वाट बघायला लागले. टेप तेलाने पुसून ठेवायचे.

शंभूराजचं घर दुमजली झालं. ते दक्षिणेला, म्हणून हिवाळ्याचं ऊन बाईंच्या अंगणात उतरेना. मोगरा वाळला, मग जास्वंद. बाईंचे गुडघेही धरले. पुढच्या वर्षी चारशे ऐंशी भरले, लहान गट. त्याच्या पुढच्या वर्षी एकशे नव्वद. "लिवा," बाई म्हणायच्या. एवढंच. पंतांना वाटायचं, एकदा शिव्या द्याव्यात हिने. गच्चीवरून ऐकणाऱ्या आम्हालाही वाटायचं.

यंदा नळाजवळ अळू होतं आणि थोडा गवती चहा. पंतांनी दोनदा मोजलं. सेहेचाळीस. मंडळाचा नियम आहे, पन्नासच्या खाली नाव घेत नाहीत. पंतांनी इकडे तिकडे पाहिलं आणि अर्जावर पन्नास लिहिलं.

मनुबाईंनी चष्मा लावला. "पन्नास कुठनं आलं?"

"अळूची पानं पसरलीत ना बाहेर, ती धरली."

"पानं कवापास्नं धराय लागला तुमी?"

"राहू द्या ना मनुबाई. चार फुटांचा तर प्रश्न आहे."

"खोडा," त्या म्हणाल्या. "तवा चार इंच सोडलं न्हाईत, आन् आता चार फूट देताय व्हय मला?"

पंतांनी खोडलं. रेघ वाकडी आली. खाली सेहेचाळीस लिहिलं. बाईंनी सही केली.

आठवड्याने समीक्षाताईंनी अर्ज परत दिला. बसत नाही म्हणाल्या. तो बाईंना पोचवायचं काम दुसऱ्या कुणावर टाकता आलं असतं, पण पंत स्वतः गेले. मनुबाई नळाशी वाकून विळ्याने अळू मुळापासून काढत होत्या. कागद त्यांनी घेतला, वाचला नाही, पाट्यावर ठेवला.

"आता ही जागा कुठल्याच गटात न्हाई न्हवं?"

"नाही."

"मग तुमचं हितं काम संपलं, पंत. फाटक वडून घ्या जाताना."

बाई पुन्हा अळूकडे वळल्या होत्या. पंतांनी बाहेर येऊन फाटक ओढून घेतलं. आतून कडी लागेपर्यंत ते तिथेच उभे होते. मग घरी आले, आणि गोदावरीकाकूंनी ताट वाढलं तरी बराच वेळ त्याला हात लावला नाही.