बाजूला काढलेली पिशवी

आमच्या कॉलनीत रक्तदान म्हणजे जयंती. चौदा एप्रिलला सकाळी विहारात वंदना झाली की मांडवातल्या खाटांवर माणसं बाह्या वर करून आडवी. एरवी वर्षभर रक्तपेढीकडे कोणी फिरकणार नाही, पण त्या दिवशी रांग. कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी ना मांडव ना मिरवणूक. वडीलधाऱ्यांना चैन पडेना. त्यांनी ठरवलं, निदान लस तरी जयंतीलाच घ्यायची. पंचेचाळिशीपुढची अख्खी कॉलनी पांढरे कपडे घालून महापालिकेच्या केंद्रावर गेली आणि टोचून आली. लस घेतल्यावर काही आठवडे रक्त देता येत नाही, हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही, आणि रक्ताची गरज तर माझ्याच माणसांना होती.

माझी धाकटी बहीण सायखेड्याला दिली आहे. तिच्या मुलीला थॅलेसेमिया. अंगात रक्त नीट तयार होत नाही, म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी इथे नाशिकला आणून रक्त चढवावं लागतं. एरवी पिशवी मिळून जायची. त्या एप्रिलात रक्तपेढीचे फ्रीज जवळजवळ रिकामे पडले आणि तिला सांगण्यात आलं, जमलं तर एखादा दाता घेऊन या.

तिचा फोन आला. "ताई, पोरगी पार पांढरी पडलीय. दोन घास खाल्ले तरी दमती. कॉलनीत बघ ना कोणी."

कॉलनीत कोण होतं? मोठ्यांनी लस घेतलेली. तरुण पोरं एकतर आजारी, नाहीतर आजाऱ्याच्या घरात अडकलेली. उरले मी. पंचेचाळिशीच्या आतली, धडधाकट, आणि भित्री. मला भीती वाटली की राग येतो. मी तिच्यावरच खेकसले, "आता मीच राहिले होते का?" मग मी येते म्हणाले.

भीती सुईची नव्हती. माझ्या नवऱ्याला दमा आहे. त्या दिवसांत ऑक्सिजनसाठी माणसं दारोदार फिरत होती. मी रक्त देऊन यायचं आणि येताना घरी काय आणायचं? नवरा म्हणाला, "जा. मी खिडक्या उघड्या ठेवून बसतो." त्याच्या या शांतपणाचाही मला रागच आला.

रक्तपेढीत खुर्च्या लांब लांब ठेवल्या होत्या. दोन मास्क लावून मी घामाघूम झाले होते. कोणी शिंकलं की मी खुर्ची आणखी मागे सरकवायचे. बोटाला टोचून रक्ताचा थेंब निळ्या पाण्यात टाकला. थेंब बुडाला तर रक्त चांगलं, तरंगला तर घरी जा. खरं सांगते, तो तरंगावा असं मला क्षणभर वाटलं. तो सरळ तळाला गेला.

तिथल्या बाईंनी सांगितलं की माझं रक्त भाचीला देणार नाहीत. जवळच्या नात्यातलं टाळतात. माझी पिशवी तपासणी होऊन दुसऱ्या कोणाला जाईल, तिच्या बदल्यात भाचीला साठ्यातली मिळेल. वर म्हणाल्या, "घरी गेल्यावर ताप, खोकला, काहीही वाटलं तरी लगेच फोन करा. लाजू नका. पिशवी आम्ही थांबवतो."

त्याच दुपारी भाचीला रक्त चढलं. संध्याकाळी बहिणीने व्हिडिओ कॉल केला. पोरीच्या ओठांना रंग आला होता आणि ती कुरडई खात होती. मी स्वतःवर बेहद्द खूश होऊन झोपले.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहाला चव नव्हती. आधी वाटलं, पावडर शिळी असेल. दुपारपर्यंत अंग तापलं. मी आतल्या खोलीत जाऊन कडी लावली आणि फोन हातात घेऊन बसले. पिशवी थांबवा म्हटलं तर ती वाया जाणार. मग पुढच्या खेपेला बहिणीला दारातूनच परत लावतील, तुमचा दाता असला निघाला म्हणतील, असं काहीबाही मनात येत होतं. आणि नाही सांगितलं तर? शेवटी मी रक्तपेढीला न लावता बहिणीला फोन लावला.

तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "मला कशाला विचारतीस, ताई? माझ्या पोरीच्या अंगात किती जणांचं रक्त गेलं असंल. मी त्यातल्या एकालाबी ओळखत नाय. त्यांच्यातलं कोणी असं ताप दाबून बसलं असतं, तर?"

"फोन लाव," ती म्हणाली आणि तिनेच ठेवून दिला.

रक्तपेढीत एका माणसाने उचलला. मी नाव आणि दिवस सांगितला. तो बघून आला. "मॅडम, आहे अजून इथेच. आता नेणारच होते. बाळंतिणीची केस आहे, रक्त फार गेलंय. बरं, ही बाजूला काढतो. तुम्ही टेस्ट करून घ्या." आवाजात घाई होती, राग नव्हता.

माझा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. नवरा बाहेरच्या खोलीत खिडक्या उघड्या टाकून बसायचा, त्याला काही झालं नाही. कॉलनीचे लसीनंतरचे आठवडे सरले तशी भाचीसाठी माणसं एकेक करून जाऊन आली, आणि तिला कोणी दारातून परत लावलं नाही. मी बरी झाले.

बरी झाल्यावर एका सकाळी मी रक्तपेढीला पुन्हा फोन लावला. त्या बाळंतिणीला दुसरी पिशवी वेळेवर मिळाली का, एवढंच विचारायचं होतं. पलीकडून "हॅलो" आलं. मी फोन ठेवून दिला.