काशीरामकाकांचा तापलेला आगर

काशीरामकाका दुपारी झोपत नाहीत आणि धड जागेही नसतात. सुकापूरला, तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, सुनेच्या कॉम्प्युटरशेजारी, प्लास्टिकच्या खुर्चीत ते डोळे मिटून बसतात. कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर चालू असते आणि काका खाडीच्या काठावर पोचलेले असतात. तिथं त्यांचं मिठागर होतं. घरात त्याला नुसतं ‘आगर’ म्हणतात. बायको मालूबरोबर त्यांनी उभा जन्म तिथं मीठ ओढण्यात घालवला. आता मालूबाई नाहीत आणि आगरावर भराव पडून वर रस्ता झाला आहे. फोटोसुद्धा नाही. जिथं पाठ मोडेस्तोवर राबायचं, तिथले फोटो कोण काढतो?

माझं पनवेलला एसटी स्टँडजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. माझा स्वभाव तापट, म्हणून तापलेली यंत्रं बरोबर माझ्याच वाट्याला येतात, असं माझी बायको म्हणते. काकांच्या सुनेचा, दिपिकाचा कॉम्प्युटर असाच आला.

दिपिका घरी बसून बिल्डरांसाठी फिल्मा करते. जी इमारत अजून पायाच्याही वर आली नाही, तिचे जिने, बाल्कन्या, बाग सगळं पडद्यावर हिंडवून दाखवते. काकांनी ते बरेच दिवस बघितलं आणि एकदा तिला विचारलं, "जी बिल्डिंग झाली नाय ती तू दाखवतेस, मंग जो आगर ऱ्हायला नाय तो दाखवशील का गो?"

आणि पोरगी लागली की कामाला! काका डोळे मिटून सांगायचे, ती पडद्यावर बांध घालायची. वाफ्यातलं पाणी आधी गढूळ, मग गुलाबी, मग वर पांढरी साय. पण घाई करायला हवी होती. काकांना हल्ली विसर पडायला लागला होता. शेजाऱ्याचं नाव, जेवलो की नाही, आजचा वार, एकेक गळत चाललं होतं. आगर त्यांच्या डोक्यातून जायच्या आत त्यांना तो डोळ्यांनी बघायला मिळावा, एवढंच दिपिकाला हवं होतं. चित्रं तयार होती, त्यांची फिल्म व्हायची राहिली होती. ते काम कॉम्प्युटरला तासन्‌तास रेटावं लागतं, आणि हा बाबा अर्ध्या वाटेत तापून बंद पडायचा.

मी तो उघडला. आत धूळ होती, ती ब्रशने काढली. प्रोसेसर आणि त्याच्यावरचा धातूचा ठोकळा यांच्यामध्ये एक लेप असतो, उष्णता वर जावी म्हणून. तो वाळून खपली झाला होता. पुसून नवा लावला. पंखे फिरवून बघितले. वरच्या जाळीवर पांढरी पूड होती, ती मी पनवेलच्या हवेच्या नावावर मांडून मोकळा झालो. दुकानात दिवसभर राबवला, तापमान काही चढेना. घरी पाठवला आणि दुसऱ्या दिवशी दिपिकाचा फोन आला, पुन्हा बंद पडला म्हणून. परत आणला, परत ठणठणीत. शाळेत जायचं म्हटलं की पोरांचं पोट दुखतं, याचं उलटंच चाललं होतं, घरी गेलं की दुखायचं. शेवटी चिडून मीच सुकापूरला गेलो.

दारातूनच दिसलं. कॉम्प्युटरवर भरतकामाचा रुमाल, त्याच्यावर भाकरीएवढं पसरट गाठोडं. गरम हवा बाहेर पडायची जाळी त्याच्याखाली पार बुजली होती. आणि गाठोड्यावर काकांचा हात.

"हे काय आहे?"

"मीठ," काका डोळे न उघडता म्हणाले. "आमच्या आगराचा शेवटचा. लोकां येतान पडद्यावरचा आगर बगायला. नजर लागल, म्हनून ठेवलाय."

माझ्याकडे कॉम्प्युटर पाठवताना काका ते उचलून मांडीवर घ्यायचे, परत आला की जागच्या जागी ठेवायचे. मी दिपिकाकडे बघितलं. एवढं रोज समोर असून तुला कळलं नाही, असं विचारणार होतो. तिने मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"आलं होतं लक्षात," ती हळूच म्हणाली. "पण मीठ ऊन झालं ना, की त्याच्यावर हात ठेवून बाबांना सगळं आठवतं. मी एकदा काढून ठेवलं, तर नुसते बसून राहिले. मला वाटलं, तुम्हाला दुसरंच काहीतरी सापडेल."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी आयुष्यभर उष्णता बाहेर घालवायचे धंदे केले. ती कुणाला हवी असेल, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

पण उपाय तिथंच शेगडीवर होता. गुडघे दुखले की आपल्याकडे मिठाचा शेक देतातच की. दिपिकाने ते मीठ तव्यावर ऊन केलं, पुन्हा फडक्यात बांधलं आणि काकांच्या मांडीवर ठेवलं. काकांनी दोन्ही हात त्याच्यावर टेकले. इकडे जाळी मोकळी झाली. पडद्याच्या कोपऱ्यातला तापमानाचा आकडा हळूहळू खाली आला आणि खालीच राहिला. फिल्म पुढे सरकत होती. मीठ निवलं की दिपिका उठून ते पुन्हा तव्यावर घालत होती. खिडकीत ऊन होतं, खाली रिक्षा थांबत होत्या, जात होत्या. आम्ही तिघंही थोडेथोडे पेंगलो असू.

संध्याकाळच्या आधी फिल्म पूर्ण झाली. दिपिकाने काकांची खुर्ची पडद्यासमोर ओढली.

"बाबा, डोळे उघडा."

पडदाभर पांढरं झालं. बांध, वाफे, लांबवर मिठाच्या राशी. खाडीला भरती येत होती. दिपिका पडद्याकडे बघतच नव्हती, ती काकांच्या तोंडाकडे बघत होती. खाडीचं पाणी आत सोडायचं फळीचं दार दिसलं, त्यातून पाणी वाफ्यांकडे धावलं आणि काका ताडकन उभे राहिले. त्यांनी वाकून दोन्ही हातांनी हवेतलं काहीतरी घट्ट पकडलं.

"भरती आली, दार लाव. मीठ जाईल सगला," ते म्हणाले आणि दिपिकाकडे मान वळवली. "मालू, बगतेस काय? फली धर तिकडून."

दिपिका क्षणभर थांबली. मग ओढणी कमरेला खोचून त्यांच्यासमोर वाकली आणि तिने फळीचं दुसरं टोक धरलं.

"धरली," ती म्हणाली.