बाहेरची खिडकी

आमचे हे पुलावरच्या नाक्यावर बाहेरच्या खिडकीत बसायचे. सव्वीस वर्षं. देशात येणाऱ्या परक्यांसाठी चार खिडक्या, चार साहेब, डोक्यावर पंखे. जाणाऱ्यांसाठी एकच खिडकी आणि तिच्यात आमचे हे. येताना मिळालेली चिठ्ठी पाहुण्याने परत द्यायची, ह्यांनी तिच्यावर शिक्का मारून ती खोक्यात टाकायची, एवढंच काम. खोकं भरलं की माळ्यावर. तिथून ते खाली आलेलं कुणी पाहिलं नाही.

"अहो, ह्या चिठ्ठ्या कुणी बघतं तरी का?" मी विचारायचे.

"अगं, भीती येणाऱ्याची असते. गेलेल्याचं काय करायचंय सरकारला?"

माणूस सज्जन, पण खोड एक भारी. ओळखीचं माणूस रांगेत उभं राहिलेलं ह्यांना बघवायचं नाही. घरात ह्यांचं कुणी ऐकत नाही, मग मोठेपणा मिरवायचा तो नाक्यावर!

वन्सं, म्हणजे ह्यांची बहीण, पुलापलीकडे दिलेल्या. आता तिकडच्याच नागरिक. तीन वर्षांपूर्वी आईला भेटायला आल्या, पंधरा दिवस राहिल्या. निघाल्या तेव्हा नाक्यावर ही मोठी रांग. ह्यांनी त्यांना हाताला धरून कचेरीच्या मागच्या दाराने थेट पुलावर नेऊन सोडलं. वन्सं चिठ्ठी देत होत्या तर म्हणे, "राहू दे गं, माझ्या बहिणीला कसली चिठ्ठी!" घरी येऊन मला कौतुकाने सांगितलं. मीही हसले, खोटं कशाला बोलू?

मग सरकारला जाग आली. परदेशी पाहुणे येतात आणि गायब होतात, असा ओरडा झाला. संगणक आले, माळ्यावरची खोकी उतरली, एकेक चिठ्ठी त्यात चढवली. ज्याची चिठ्ठी सापडली नाही, तो गेलाच नाही. हिशेब संपला.

सासूबाईंनी अंथरूण धरलं ते त्याच हिवाळ्यात. डॉक्टर म्हणाले, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या. सासूबाईंचं एकच पालुपद, "पोरीला बघितल्याशिवाय मी जायची नाही." वन्सं लगोलग पुलावर आल्या. खिडकीतल्या साहेबाने संगणकात डोकावून सांगितलं, "तुम्हाला आत सोडता येणार नाही. तुम्ही आतच आहात."

"अहो, मी तुमच्यासमोर उभी आहे!"

"ते दिसतंय मला. पण बाहेर गेल्याची नोंद नाही."

वन्संनी पर्समधून जुनी चिठ्ठी काढून दाखवली. साहेब म्हणाला, "बघा, चिठ्ठी तुमच्याकडेच आहे. म्हणजे जमा झालेली नाही." आणि पलीकडे गेल्यावर पासपोर्टवर पडलेला शिक्का? तो म्हणे परक्या सरकारचा, आपण कसा धरायचा. वन्सं आल्या पावली परत गेल्या.

मी ह्यांना झाप झाप झापलं. दुसऱ्या दिवशी वन्संनी पलीकडून अर्ज केला आणि त्याला जोडून ह्यांनी लेखी कबुली दिली, बहिणीला मीच मागच्या दाराने सोडलं म्हणून. नोकरीवर गदा येणार हे कळत असून दिली, एवढं माप त्यांच्या पदरात घालते. उत्तर काय आलं? सख्ख्या भावाची साक्ष चालत नाही, घरी चौकशी होईल. ह्यांची खिडकी मात्र त्याच कबुलीवर काढून घेतली. भावाला शिक्षा करायला कागद चालला, बहिणीला सोडायला नाही!

सरकारने जाणारे मोजावेत की नाही, यावर पेपरात लेखावर लेख येतात. खुशाल मोजा! पण सव्वीस वर्षं माळ्यावर फेकलेलं एका दिवसात वेदवाक्य कसं होतं? झोपायचं तुम्ही, आणि जागे झालात की लाथ बसणार ती आमच्या म्हातारीला.

मग एक दिवस सकाळी दहाच्या सुमाराला दोन पोलीस चौकशीला आले. एकाने कपाटामागे पाहिलं, न्हाणीघरात पाहिलं. दुसरा सासूबाईंच्या खोलीत शिरून मोठ्याने म्हणाला, "आजी, तुमची मुलगी इथेच आहे असं आम्हाला समजलंय. कुठे आहे?"

सहा दिवस डोळे न उघडलेली बाई. तिने डोळे उघडले. "आली?" मी पुढे होऊन हात धरला. सासूबाईंनी माझा चेहरा चाचपला. "आली गं बाई माझी. किती वाळलीस!" मग पोलिसाला ठणकावून म्हणाल्या, "आहे ना! ही काय, माझ्यापाशीच आहे."

"अहो, ही सून आहे!" हे ओरडले. "आईला धड दिसत नाही!"

पोलीस लिहीत होता. "जबाब आईचा आहे. तुम्ही मध्ये बोलू नका, आधीच तुमच्यावर एक प्रकरण आहे."

त्याच जबाबावर वन्संचा अर्ज निकालात निघाला. मुदतीपेक्षा जास्त राहिल्या म्हणून दहा वर्षं बंदी.

सासूबाई पुढे तीन दिवस होत्या. मला लेक समजून बोलायच्या, कुणाचीच वाट बघेनाशा झाल्या. मीही "हो आई, आले" म्हणत राहिले. काय करणार होते? चौथ्या दिवशी दुपारी गेल्या.

ह्यांनी फोन लावला. रडून झाल्यावर वन्संनी विचारलं, "दादा, आई फार वाट बघत होती का रे माझी?"

ह्यांना उभ्या जन्मात खोटं बोलता आलेलं नाही. "नाही गं," म्हणाले, "तू आलीस असंच समजून गेली. हिचा हात धरून, अगदी शांत."

मग वन्सं म्हणाल्या, "म्हणजे तिला माझी वाटसुद्धा बघू दिली नाहीत तुम्ही दोघांनी." आणि फोन ठेवला.